पायरीचं माप

लीड्स,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा 'जेवलात का, नळाला पाणी आलं का' एवढंच बोलून फोन ठेवला. म्हणून आता पत्र. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव, बाबांच्या डोळ्यात अजून थेंब चालू असतील. मध्येच थांबून 'काय बाई ही पोरगी' म्हणायचं नाही. शेवटापर्यंत वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

आम्ही गाडी घेतली. छोटी आहेच, ही दुसरी. कॅम्परव्हॅन. आत पलंग, ओटा, फ्रीज आणि संडास असलेली. फियाट डुकाटो, २०१३ सालची, छासष्ट हजार किलोमीटर चाललेली, २९,५०० पौंडांना. आई, गुणाकार करू नकोस. मी केला होता आणि मग थोडा वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले.

उगाच उठून घेतलेली नाही, एवढं आधी सांगते. ऑक्टोबरात आम्ही एक भाड्यानं घेऊन पाहिली होती, व्हिटबीजवळ तीन रात्री. ती छोटी होती, छप्पर वर उचलायची. दिसायला गोड, उंची दोन मीटरच्या आत, त्यामुळे बाजारातल्या पार्किंगमध्येही शिरायची. आमच्या मनात तेव्हा तशीच घ्यायची होती, किंमतही बरीच कमी पडली असती. पण रोज रात्री सीट पाडून अंथरूण करा, सकाळी आवरून पुन्हा सीट करा. तुमचे जावई दुसऱ्याच दिवशी म्हणाले, हे म्हणजे रोज संसार मांडायचा आणि रोज मोडायचा. आणि रात्री दोनला मला उठायचं होतं. बाहेर समुद्रावरून येणारा आडवा पाऊस, संडासबाथरूमची खोली शेताच्या पार टोकाला, हातात बॅटरी. त्या ओल्या गवतातून जाताना मला हेळवाक आठवलं. आजीसाठी थांबलो होतो ते, आणि आई, तू शालीचा आडोसा धरून उभी होतीस ते. ओम्नीत मागे बसून मी हसत होते, त्याचं अजून वाईट वाटतं. तिथेच ठरलं, गाडीत संडास नसेल तर गाडीच नको.

म्हणजे मोठी आली. मोठी म्हटली की बाबा लगेच म्हणतील, किती टनी? साडेतीन. इथे १९९७ पासून परीक्षा दिलेल्यांना साध्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतच डिझेलची गाडी चालवता येते, त्याच्या वरची हवी तर वेगळी परीक्षा. आणि हे साडेतीन टन म्हणजे रिकामी गाडी नव्हे, माणसं, पाणी, गॅस, तुमचा डबा, सगळं धरून. पहिल्यांदा घेणारे इथेच फसतात. गाडी भरभक्कम दिसते, पण आतलं लाकूडकामच इतकं जड असतं की वर माणसं चढली की हद्द ओलांडली जाते. म्हणून मी पैसे द्यायच्या आधी ती वजनकाट्यावर नेली. बाबा, अगदी कारखान्याच्या काट्यासारखा, ट्रॉली उभी करतात तसाच, फक्त उसाचा वास नाही. डिझेल आणि पाण्याची टाकी भरून, आम्ही दोघं आत बसून, ३,०९० किलो. उरले ४१०. तुम्ही दोघं मिळून एकशे तीस धरले (आई, मी तुला अठ्ठावन्न धरलंय, भांडू नकोस), तर सामानाला दोनशे ऐंशी राहतात. भरपूर आहेत. तरीही पितळी परात आणायची नाही.

दुसरी फसवणूक पट्ट्यांची, म्हणजे सीटबेल्टची. जाहिरातीत 'चौघांची' असं लिहितात ते झोपण्याचं असतं. चालत्या गाडीत बसायला पट्टे कधी कधी दोनच. मला चार पट्टे हवे होते, आणि मागे दोन वेगळे पलंग. आडवा एकच मोठा पलंग असला की भिंतीकडचा माणूस रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून येतो. बाबा रात्री तीनदा उठतात हे तुम्ही दोघांनी लपवलंत तरी मला कळतं, फोन कधी 'शेवटचं पाहिलं' ते दिसतं. असे दोन सुटे पलंग सहा मीटर छत्तीस सेंटीमीटरच्या गाडीतच नीट बसतात. म्हणून एवढी लांब. हौस म्हणून नाही.

एक गाडी हिच्याहून पाच हजारांनी स्वस्त मिळत होती, वर घराच्या खोलीसारखा डबा बांधलेली. आत पाय ठेवला आणि पावसाळ्यात ट्रंकेतून काढलेल्या गोधडीचा वास आला. ओलावा मोजायचं यंत्र घेऊन गेलो होतो. मागच्या कोपऱ्यात काटा वीसच्या वर गेला, आणि पंधराच्या आत असेल तरच निर्धास्त राहावं म्हणतात. विकणारा म्हणाला, खिडकी उघडी राहिली असेल. मी 'बरं' म्हटलं आणि निघाले. डुकाटोचं अंग मूळच्या पत्र्याचं आहे, सांधे कमी, त्यामुळे पाणी मुरायची धास्तीही कमी.

आणि बाबा, टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, बघणारा खूश व्हावा अशी. पण तुम्ही मला नववीत डेपोच्या मागे उकिडवं बसवून जे शिकवलं ते मी विसरलेले नाही. बॅटरी घेऊन चाकाशी बसले, चिखल अंगठ्यानं पुसला, चार आकडे वाचले. १९१३. दोन हजार तेराचा एकोणिसावा आठवडा. म्हणजे गाडीबरोबर आलेले पहिलेच टायर, बारा वर्षांचे, बाजूला बारीक भेगा. इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलल्याची पावतीही नव्हती. सातशे पौंड कमी करून घेतले, वरची किंमत ती कमी करूनच. बेल्ट आणि चारही टायर आता नवे आहेत. विकणारे आजोबा म्हणाले, बाईमाणसानं टायरचा आठवडा वाचलेला पहिल्यांदा पाहिला. मी म्हटलं, माझे वडील एसटीत होते. त्यांना काही कळलं नाही, पण मला सांगून बरं वाटलं.

आता पैशांचं.

हे पैसे कशासाठी बाजूला ठेवले होते ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या खेपेनंतर डॉक्टरांनी चौथीचं विचारलं. नोव्हेंबरात आम्ही दोघांनी नाही म्हटलं. रागानं नाही, घाईनं नाही, दोघांनी मिळून. आई, तू वर्षभरात एकदाही विचारलं नाहीस, आणि किती कष्टानं विचारत नाहीस ते मला फोनच्या पलीकडून ऐकू यायचं. तू बोललेला नवस तसाच राहू दे, त्याचं ओझं घेऊ नकोस. मंगळवारी देवळात जातेस तशी जात राहा. मी ठीक आहे. जेवते, झोपते, आठवड्यातून दोनदा पोहायला जाते. फक्त त्या खात्याकडे बघितलं की पोटात कालवायचं, आणि ते पैसे तसेच ठेवून रोज बघत राहणं आम्हाला दोघांनाही जमेना. जावई आधी नको म्हणत होते. मग एका रात्री तेच कागद घेऊन बसले आणि गाडीचा नकाशा काढायला लागले. दोन खुर्च्या पुढे, दोन मागे. मागच्या दोन कुणाच्या ते त्यांनीच लिहिलं, 'आई' आणि 'बाबा'. तो कागद मी ठेवलाय.

म्हणून यंदा गणपतीला येणं होणार नाही. लिहून टाकलं बघ. दोन तिकिटं आणि रजा, दोन्हीचं गणित बसत नाही. सगळी रजा मी जूनमध्ये घेतेय, कारण जूनमध्ये तुम्ही येताय. मोदकांच्या कळ्या पाडायला काकूला बोलाव, तिच्या कळ्या माझ्यापेक्षा बऱ्याच पडतात हे तू कधी बोलत नाहीस पण मला माहीत आहे. आरतीला आम्ही व्हिडिओवर असू, बाबा मोबाइल समईच्या मागे ठेवतात तो यंदा पुढे ठेवा म्हणजे झालं.

तुम्ही काळजी करू नका म्हणून एकेक सांगते. पलंग तुमचे, आम्ही दोघं गाडीला जोडायच्या तंबूत झोपणार. यावर वाद नाही. आत डिझेलवरचा हीटर आहे, बाबांना कानटोपी घालून झोपावं लागणार नाही (तरी घालतील). संडासाखाली खेचून काढायची टाकी असते, ती रिकामी करायचं काम जावयांचं. तू नाक धरून खिडकीत उभी राहू नकोस, त्यांना मनापासून काही वाटत नाही. तांब्या आणून ठेवलाय. अंघोळीला कॅम्पवर गरम पाण्याचे शॉवर असतात, आणि तुला बादली-मगच लागतो म्हणून घडीची बादलीही घेतली. दिवसाला तीन तासांच्या वर गाडी चालवायची नाही असं ठरलंय. आधी इथल्या यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरदऱ्यांत दोन रात्री, तुम्हाला मानवलं तर मग वर स्कॉटलंड, स्काय बेटापर्यंत. तिकडे जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो. सांजवातीची वेळ कोणती धरायची ते तूच ठरव. पण निरांजन गाडीत लावायचं नाही, ते आधीच सांगते.

आता थोडी दादागिरी करते, ऐका.

आई, ओट्याखाली जमिनीलगत भोकं दिसतील. 'वारं येतं' म्हणून त्यात फडकं कोंबायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि त्या भोकांतूनच बाहेर जातो. कुकर लावलास की वरची खिडकी उघडी ठेवायची. मिक्सर आणि केटली एकदम चालू करायची नाहीत, कॅम्पवरची वीज काही ठिकाणी दहाच अँपिअरची असते, खटका पडतो आणि मग बाबा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतात.

बाबा, तुमच्या लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते हे तुम्ही एव्हाना शोधून काढलं असेलच. तरी नाही. विम्यात तुमचं नाव घातलेलं नाही, मुद्दाम. तुम्ही शेजारी बसा, रस्ता सांगा, माझ्या गिअरला नावं ठेवा. कुंभार्ली घाटात तुम्ही ओम्नी उतरवताना ब्रेकवर पाय न ठेवता दुसऱ्या गिअरवर सोडायचात, ते मी इथल्या चढउतारांवर करून बघते. बऱ्यापैकी जमतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मार्चमध्ये जायचं आहे ते टाळायचं नाही. प्रवासाला चालेल असं त्यांच्याकडून लिहून घ्या. गुडघ्याची पट्टी वापरायची, कपाटात नीट ठेवायची नाही. गोळ्या चार आठवड्यांच्या जास्त घ्या, आणि हातातल्या बॅगेत. व्हिसाचे कागद मी इथून भरते, तुम्ही फक्त बँकेचं पासबुक आणि पेन्शनचा कागद स्कॅन करून पाठवा, शेजारच्या पोराकडून, सायबर कॅफेत नको. हीथ्रोवर घ्यायला छोटी गाडी घेऊन येईन. ही जुनी डिझेलची, लंडनच्या हद्दीत शिरली की दिवसाला साडेबारा पौंड घेतात. विमानतळावर हिला शोधत बसू नका.

आणि शेवटचं काम, हे याच आठवड्यात करायचं. मागच्या पलंगावर चढायला दोन पायऱ्या आहेत. खालची एकतीस सेंटीमीटर आहे, एसटीच्या पायरीपेक्षा कमी, पण बाबांना ती उंच पडेल की नाही ते मला इथून कळत नाही. मध्ये एक लाकडी पायरी करून घेणार आहे, त्याला माप हवं. आई, देवघरातले पाट घे. एकावर एक रच. आधी एक, मग दोन, मग तीन. बाबांना भिंतीचा आधार न घेता वर चढायला सांग, उजवा पाय आधी. चेहरा बघ, पाय नको बघू. तोंड आवळलं की थांब, त्याच्या आधीचा थर टेपनं मोज आणि आकडा लिहून पाठव. तू पाहिलेला आकडा लिही. त्यांना विचारलंस तर दोन इंच वाढवून सांगतील.

तुमची,
ठकी

ता. क. ओम्नीतला तो स्टोव्ह माळ्यावर असेल तर फेकू नका. आणायचा नाही, वजनात बसत नाही. नुसता फेकू नका.