जुन्या पेटीचे प्रकरण आणि ग्राहक आयोग

मा. संपादक,

‘जुनी वस्तू खराब निघाली तर सरळ ग्राहक आयोगात जा’ असा सल्ला याच सदरात एका वाचकाने दिला होता. मी गेले. परत आले.

आमच्या महिला भजनी मंडळासाठी मे महिन्यात मी एक जुनी पेटी घेतली. विकणारे फोंड्याकडचे एक गृहस्थ, पेटी त्यांच्या दिवंगत काकांची. त्यांच्या अंगणात बसून एक गजर वाजवला, तोही मधल्या सप्तकातच, आणि ३२,००० रुपये फोनवरून पाठवून दिले. घरी आणली तर भाता हवाच धरेना. दुरुस्तीवाल्याने उघडली. भात्याच्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलेले भोक होते. मग त्याने सुरांची, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी पट्ट्यांची, फळी काढून उजेडाला धरली आणि म्हणाला, “बाय, हे सूर जर्मन न्हय. पालिताणाचे.” गुजरातेतल्या पालिताणाचे सूर वाईट नसतात, आमच्या देवळातली पेटी त्यांच्यावरच चालते. पण मी पैसे जर्मन सुरांचे मोजले होते.

आयोगात पहिला प्रश्न आला, “त्यांचं दुकान आहे का?” नाही म्हटल्यावर विषय संपला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालासाठी आहे. घरातली वस्तू एकदाच विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली असती तर गोष्ट वेगळी. पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून हात झटकले. फसवायचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवल्याशिवाय फसवणुकीचा गुन्हा उभा राहत नाही, आणि त्या गृहस्थांना स्वतःला तरी सुरांतले काय कळत होते, देव जाणे.

शेवटी तालुका विधी सेवा समितीकडे गेले. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले! आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा लागेल असे मी धरून चालले होते. वकीलबाई हसल्या. तो लग्न आणि वारशापुरता. खरेदी-विक्रीला १९३० चा माल विक्री अधिनियम.

त्याचे १६ वे कलम माझ्या विरुद्ध. दर्जा पारखणे घेणाऱ्याचे काम, विकणारा त्या मालाचा धंदा करत नसेल तर फारच. भोक त्यांनी लपवले नव्हते, मीच पाहिले नाही. त्यामुळे भाता माझ्या पदरात. १५ वे कलम मात्र वेगळे: वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असायलाच हवा. विकणाऱ्याला खरे माहीत होते की नव्हते, हा प्रश्नच येत नाही. वकीलबाईंनी विचारले, “जर्मन म्हटल्याचं लेखी काही आहे?” व्हॉट्सअॅपवर एक ओळ सापडली: ‘ताई, जर्मन सूर आहेत, निर्धास्त घ्या.’ तेवढ्या ओळीवर नोटीस गेली. तोंडी बोलणे झाले असते तर मी कुठे शोधत बसले असते?

पेटी दोन महिने माझ्याकडे ठेवून झाली, म्हणून आता ती परत देण्यापेक्षा किमतीतला फरक नुकसानभरपाई म्हणून मागणे सोपे, असे वकीलबाईंचे मत. दुरुस्तीवाल्याने फरक १४,००० लिहून दिला आहे. समोरून ६,००० देतो असा निरोप आला. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई त्यांना असली तरी मला नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, घे आणि मोकळी हो. चवथीची भजने तोंडावर आहेत, भात्याला कातड्याचा तुकडा चिकटवून याच पेटीवर ती होतील. मी अजून हो म्हटलेले नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, डिचोली