रामापिथेकसची चूक मुलांना कळू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी चाळीसगाव तालुक्यातला विज्ञान शिक्षक. दहावीला उत्क्रांतीचा धडा आला की कुणीतरी हात वर करतंच. यंदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, मंग आते माकडना माणूस काबर होत नही?’ वर्ग हसला, पण प्रश्न अगदी रास्त होता. भाऊबंदकीच्या भाषेत सांगितलं की पोरांना पटतं. चिंपांझी आपला आजा नव्हे, चुलतभाऊ. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांची घरं वेगळी झाली.

अडचण पुढे येते. मानवाच्या पूर्वजांची साखळी फळ्यावर काढताना मी वर्षानुवर्षं सुरुवातीला ‘रामापिथेकस’ लिहीत आलो, कारण मीही तेच शिकलो होतो. १९३२ साली हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ जी. एडवर्ड लुईस या संशोधकाला वरच्या जबड्याचा तुकडा सापडला. तेवढ्यावरून अख्ख्या जबड्याची कमान आखली गेली, ती माणसासारखी गोलसर दिसली आणि आपल्याला पूर्वज मिळाला. या मताचे खंदे पुरस्कर्ते होते मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड पिलबीम. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकस या प्राचीन वानराचा जवळजवळ अख्खा चेहरा मिळाला. डोळ्यांच्या खोबणी उभट, ठेवण थेट ओरांगउटानची. १९८२ मध्ये पिलबीम यांनीच तो प्रसिद्ध केला आणि आपलं आधीचं मत सोडलं. रामापिथेकस वेगळा नव्हताच; तो शिवापिथेकसमध्ये जमा झाला आणि माणसाचा पूर्वज न राहता ओरांगउटानचा भाऊबंद ठरला.

साहेब, ही गोष्ट धड्यात हवी. पुराव्यापुढे स्वतःचं मत मागे घेणारा माणूस मुलांना याहून चांगला कुठे दाखवणार?

त्याच १९८२ च्या डिसेंबरात अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोऱ्याला नर्मदाकाठी आदिमानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तीच नर्मदा पुढे आमच्या खानदेशातल्या अक्राणीच्या कडेने वाहते. आणि आमच्याच तालुक्यातलं पाटणे! पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि एका कवचावर आडव्यातिडव्या रेषांची कोरलेली नक्षी. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथे बसून कवच घासून गोल केलं, मधोमध भोक पाडलं. आमची मुलं सहलीला पाटणादेवीला जातात, भास्कराचार्यांचं नाव ऐकून येतात. या मण्यांबद्दल त्यांना कुणी सांगत नाही.

केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती २०२३ मध्ये वगळली गेली. आपल्याकडे तसं होऊ देऊ नका. धडा ठेवा, रामापिथेकसची चूक कशी उमगली ते त्यात लिहा आणि हथनोऱ्याच्या कवटीबरोबर पाटण्याच्या मण्याचंही चित्र छापा. पुढच्या छपाईपूर्वी हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. चाळीसगाव, जि. जळगाव