दादर स्टेशनबाहेर सॅक शिवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या जागेवर दोनदा येऊन गेले. शेजारचे चावीवाले दादा म्हणाले, घराचं काम काढलंय म्हणून गावी गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही, त्यामुळे हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. दादरच्या कुणी वाचलं तर कृपा करून काकांना वाचून दाखवा.

निळी सॅक आठवते? डावा पट्टा उसवला होता. परवा विमान आहे, दोन टाके मारून द्या, एवढंच मी म्हटलं होतं. तुम्ही सॅक उलटी करून आतलं कापड अंगठ्याने चाचपून पाहिलंत. "टाके मारतो, पण भार पडला की कापडच फाटेल." मग आतून चामड्याचा चौकोनी तुकडा लावलात. रापीने त्याच्या कडा तासल्यात, आरीने भोकं पाडून मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओढून घेतलात आणि शेवटी सगळा जोर लावून पट्टा खेचून पाहिलात. कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या ट्रेकवाल्यांच्या सॅका तुम्ही वर्षानुवर्षं शिवताय. म्हणून सांगितलंत, वजन खांद्यावर नको, कमरेवर घ्या. माझ्या पायांकडेही तुमचंच लक्ष गेलं. "सोल गुळगुळीत झालाय. तिकडे पाऊस असतो का?" मी हो म्हटलं, आणि तुम्ही खाचांचा रबर चिकटवून दिलात. सगळ्याचे मिळून एकशे ऐंशी रुपये.

कुठे जाताय, असं तुम्ही विचारलं होतंत. पोर्तुगालमध्ये, पोर्तोला, एवढंच सांगून मी पळाले. आता नीट सांगते.

दोउरो नदी समुद्राला मिळते तिथे, काठच्या चढावर हे शहर आहे. घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी दिसतात. नदीवर दोन मजली लोखंडी पूल आहे, दों लुईश पहिला या राजाच्या नावाचा, 1886 सालचा. खालून गाड्या जातात, वरून मेट्रो. वरच्या मजल्यावर मेट्रोच्या रुळांशेजारूनच माणसं चालतात, मेट्रोही सावकाश येते. पलीकडच्या काठावर, गाया नावाच्या शहरात, वाइनची कोठारं आहेत. द्राक्षं नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरात पायऱ्या खोदून लावलेली. त्या खोऱ्याची हद्द 1756 मध्येच आखून दिली होती. आपल्याकडे वाइन म्हटलं की नाशिक आठवतं, पण इथली तऱ्हा वेगळी. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचीच कडक दारू घालतात. आंबणं तिथेच थांबतं आणि साखर उरते, म्हणून ती गोड लागते. वरच्या खोऱ्यात उन्हाळा कडक, म्हणून पिंपं खाली समुद्राजवळच्या गारव्यात ठेवायची. पूर्वी ती सपाट तळाच्या होड्यांतून यायची, आता ट्रकने येतात. कोठारात शिरल्यावर मला तुमची आठवण आली. ओक लाकडाची पिंपं दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरतात. जुनं लाकूड आहे म्हणून कुणी टाकून देत नाही.

पण पत्र लिहायचं कारण आहे तिसरा दिवस. ऑक्टोबरची अखेर, सकाळपासून पाऊस. रिबेइरा म्हणजे नदीकाठची जुनी वस्ती. तिथून वर कॅथेड्रलकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या पावलांनी झिजून आरशासारख्या झाल्यात. पाठीवर बारा किलो. उतरताना माझ्या पुढची एक मुलगी घसरून बसली. तिला आधार द्यायला मी वाकले आणि सॅकचं सगळं वजन एकदम डाव्या पट्ट्यावर आलं. कापड करकरलं. पट्टा सुटला असता तर आम्ही दोघी खालपर्यंत गेलो असतो. तुमचं चामडं सुटलं नाही. माझा पायही जागचा हलला नाही. त्या मुलीला उभं केलं आणि मी तिथेच भिंतीला टेकून रडले, काका. घाबरून नाही. दादरच्या गर्दीत दुपारी कुणीतरी माझ्यासाठी एवढा विचार केला होता, हे तेव्हा उमगलं.

रात्री खोलीत सॅक उलटी करून पाहिली. एकही टाका हललेला नाही.

तुमच्यासाठी बुचाचा एक जाड तुकडा आणलाय. पोर्तुगालमध्ये बूच खूप होतं. झाड न तोडता त्याची साल नऊ वर्षांतून एकदा काढतात, मग ती पुन्हा वाढते. हाताला हलका लागतो, रापीने छान कापला जाईल. चावीवाल्या दादांकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. त्यांना हेही सांगितलं की पोर्तुगीजमध्ये चावीला 'शाव्ह' म्हणतात आणि आपला शब्द तिथूनच आलाय. ते खूश झाले.

घराचं काम नीट पार पडू दे. आलात की उजव्या पट्ट्यालाही तसंच चामडं लावून हवंय. तोवर सॅक कपाटात आहे, दुसऱ्या कुणाकडे देणार नाही.

तुमची,
निळ्या सॅकवाली