तू बुलेट घेतलीस ते बरं केलंस

कोल्हापूर,
14 जून

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तुझ्या आईनं सांगितलं. तू दोन महिन्यांपूर्वीच बुलेट घेतलीस म्हणे, आणि मला कळू नये म्हणून दोन्ही वेळेला घरी एसटीनं आलीस. रात्रभर मला झोप लागली नाही. तुला वाटेल बाबा चिडले. तसं काही नाही गं. माझ्या पोरीला स्वतःच्या कमाईच्या पहिल्या गाडीचा पेढा बापाच्या हातावर ठेवता आला नाही, इतकं मी काय करून ठेवलंय, हेच डोक्यात फिरत होतं. फोनवर मला हे नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

दोष माझाच आहे. तुला कळायला लागल्यापासून या घरात तू एकच ऐकलंस, मोटारसायकल म्हणजे येझदी. दारावरनं बुलेट गेली की मी काहीतरी बोलल्याशिवाय राहायचो नाही. तुझ्या मामानं बुलेट घेतली तेव्हा वास्तुशांतीच्या पंगतीत मी त्याच्याशी वाद घालत बसलो, ते तुला आठवत असेल. चहाच्या गाड्यावर आमचे दोन पक्षच असायचे. येझदीवाले एका बाकड्यावर, बुलेटवाले दुसऱ्या. राजदूतवाला कुणी आला तर तो बिचारा उभ्याउभ्या चहा पिऊन जायचा. ते सगळं बघत तू मोठी झालीस. मग तू बुलेट लपवलीस यात नवल ते काय!

माझा जीव येझदीवर का जडला ते आधी सांगतो, कारण तेही मी तुला कधी धड सांगितलेलं नाही. तू फक्त माझा हट्ट बघितलास.

पाटबंधारे खात्यात लागलो तेव्हा आमच्या साहेबांकडं जुनी जावा मोटारसायकल होती, येझदीची थोरली बहीण. जावा ही मूळची चेक लोकांच्या प्राग शहरातली. यानेचेक नावाच्या कारखानदारानं 1929 मध्ये वाँडरर नावाच्या जर्मन गाडीचा परवाना घेतला आणि दोन नावांच्या स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं, Ja आणि Wa, जोडून जावा हे नाव केलं. आपल्याकडं मुंबईच्या फारुख इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला, 1961 च्या सुमाराला. पुढं जावाचं नाव जाऊन 1973 पासून येझदी आली. इराणी लोकांचं मूळ गाव इराणातलं यझ्द, त्यावरून येझदी. म्हणजे बघ, चेक लोकांचं इंजिन, पारशी-इराण्यांचं नाव, म्हैसूरच्या कामगारांचे हात, आणि ती फिरायची आमच्या राधानगरीच्या कालव्यावरनं. मला तेव्हाही याचं फार अप्रूप वाटायचं आणि आजही वाटतं.

साहेब मला सर्किट हाऊसच्या रस्त्यावर ती चालवायला द्यायचे. गिअरचाच दांडा आत दाबून मागं फिरवला की तोच किक होतो, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. पायानं गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताची गरजच नाही. तुला विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर शिकवताना हे दाखवलं होतं, तेव्हा तूही तशीच हसली होतीस. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. आणि तो आवाज! गल्लीच्या तोंडाला असतानाच आईला कळायचं, आणि ती चहाचं आधण ठेवायची.

1987 मध्ये मी येझदीची रोडकिंग घेतली. सोसायटीचं कर्ज काढलं होतं. टू स्ट्रोक गाडी, म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरला 40 मिली, मापाचं डबडं डाव्या डब्यात कायम. दर काही महिन्यांनी सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढायच्या आणि कार्बन जाळायला बंबाच्या जाळात घालायच्या. अंघोळीच्या पाण्याला ऑइलचा वास लागतो म्हणून आईची बोलणी मी इतक्या वर्षांत किती खाल्ली असतील! तू मात्र पाटावर बसून त्या लाल झालेल्या नळीकडं बघत राहायचीस, आणि मी ती फरशीवर आपटली की आतनं कार्बनचा काळा चुरा कसा पडतो ते बघून टाळ्या पिटायचीस.

1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. घरचं माणूस गेल्यासारखं आम्ही त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर बसलो होतो, कुणी फार बोललं नाही.

आणि खरं सांगू, येझदीवाले म्हणून आम्ही एक झालो ते त्याच्यानंतर. तोवर नुसता अभिमान होता. कंपनी होती, दुकानात सामान मिळत होतं, कुणाला कुणाची गरज नव्हती. कारखाना बंद झाल्यावर एक गिअरचं चाक मिळवायला तीन जिल्ह्यांत चिठ्ठ्या जायच्या. पुण्याला कुणी निघालं की जुन्या बाजारात काय काय बघून यायचं याची यादी त्याच्या खिशात पडायची. उद्यमनगरात एक मिस्त्री होते, त्यांच्या लेथवर आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे सिलिंडर बोअर झाले. नवीन बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं धातूचं कडं, पाहिजे असला की जुना, झिजलेला बुश त्यांच्या हातात द्यायचा. ते तो डोळ्यांसमोर धरायचे, बोटानं आतनं फिरवायचे, म्हणायचे, "उद्या या." कागदावर माप कधी लिहिलं नाही. आमचा एकच नियम होता, सामान ज्या भावानं मिळालं त्याच भावानं द्यायचं. वरती एक रुपया घ्यायचा नाही. बारा-तेरा वर्षं तो कुणी मोडला नाही.

2018 मध्ये जावा परत आली आणि 2022 मध्ये येझदी, नवीन कंपनी, फोर स्ट्रोक इंजिन. गाडी चांगली आहे. मी शोरूमात जाऊन बसूनही आलो. पण कारखाना बंद असतानाच्या त्या बावीस वर्षांत त्या नावाला जिवंत कुणी ठेवलं हे मला माहीत आहे. म्हैसूर असो, बंगळूर असो, पुणं असो की आमचं उद्यमनगर, अशीच हात काळे झालेली माणसं होती ती.

आता मूळ गोष्टीकडं येतो. फोंडा घाटातली रात्र. ती तू माझ्या तोंडून शंभर वेळा ऐकली आहेस. पाऊस, धुकं, गाडी बंद, आणि एक गाडीवाला थांबला. इतकंच मी सांगत आलो. त्यातलं अर्धं मी गाळत आलोय, मनू. आज पुरी सांगतो.

जुलै 1998. तुझ्या आत्याकडनं कणकवलीहून परत येत होतो. निघताना पेट्रोल भरलं आणि ऑइलचं माप आत्याच्या ओसरीवरच राहिलं होतं, म्हणून अंदाजानं ऑइल ओतलं. जास्त पडलं. घाट अर्धा चढून झाला आणि गाडीनं दम टाकला. प्लग काढला तर काळाकुट्ट, ओला. जादा प्लग जवळ ठेवायचा असतो, तो महिन्यापूर्वी एकाला दिला होता आणि नवीन घ्यायचा राहून गेला होता. प्लग घासायचा पॉलिश पेपर भिजून लगदा झालेला. काडेपेटीचीही तीच गत. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, वर दाजीपूरचं जंगल, गव्यांची वाट. ट्रक जायचे ते पाणी उडवून जायचे.

अर्ध्या-पाऊण तासानं खालून आवाज आला. येझदीचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. तो वळणावर आला, माझ्या बाजूनं गाडी काढून घेतली आणि गेला. कदाचित त्यानं मला बघितलंच नसेल, धुकं दाट होतं. कदाचित घाबरला असेल, घाटात रात्री लुटालुटीही व्हायची. मी त्याला बोल लावत नाही. पण तो आवाज वरच्या वळणापर्यंत ऐकू येत होता, आणि तो बंद झाल्यावर मी जो मटकन बसलो ते मला अजून आठवतं.

त्याच्यानंतर जो आला तो बुलेटवर होता.

निपाणीकडचा माणूस, तंबाखूच्या व्यापारातला. वय माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त. काही न विचारता त्यानं गाडी वळवून हेडलाइट माझ्या इंजिनावर पाडला. सीटखालनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पॉलिश पेपरची पट्टी काढली, कोरडी. स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं प्लग पुसला, घासला, दोन टोकांमधली फट नखानं बघितली आणि माझ्या हातात दिला. दुसऱ्या किकला गाडी लागली.

मग म्हणाला, "परत बंद पडंल. तुम्ही माझी घ्या, मी ही आणतो मागनं." मी नको म्हटलं, कारण तेव्हाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. सवय नसलेला माणूस पावसात घाटात ती चालवायला गेला तर गिअरवरच ब्रेक म्हणून पाय द्यायचा. तो हसला आणि म्हणाला, "मग तुम्ही पुढं व्हा." माझा दिवा सहा व्होल्टचा, त्यात धुकं. त्यानं राधानगरीपर्यंत माझ्या मागं राहून त्याच्या उजेडात मला रस्ता दाखवला. मी हळू झालो की तो हळू व्हायचा. वाटेत दोनदा प्लग काढावा लागला, दोन्ही वेळेला उतरला. राधानगरी स्टँडवर आम्ही चहा प्यालो. त्याला मुदाळ तिट्ट्यावरनं निपाणीला जायचं होतं. जाताना त्यानं ती पॉलिश पेपरची पट्टी मधोमध फाडली आणि अर्धी मला दिली. म्हणाला, "कोल्हापूर अजून लांब हाय."

नाव विचारायचं राहून गेलं. घरी आलो तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते, तू पाळण्यात झोपली होतीस.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर गोष्ट सांगितली तेव्हा समोरच्या बाकड्यावर बुलेटवाले बसलेले. माझ्या तोंडून "एक गाडीवाला" असं निघालं आणि तेच कायम झालं. येझदीवाला न थांबता गेला हे तर मी तुझ्या आईलाही काल रात्रीच पहिल्यांदा सांगितलं. त्या माणसाचं ऋण मी सव्वीस-सत्तावीस वर्षं नीट कबूल केलं नाही, आणि त्याच काळात घरात बसून बुलेटला नावं ठेवत राहिलो. हे मला आता फार लागतं.

तुझ्या गाडीचाही इतिहास मी आज वाचून काढला. इंग्लंडमध्ये रेडिच गावात एन्फिल्ड सुरू झाली, 1955 मध्ये मद्रासला बुलेट जोडायला लागले, आणि 1970 च्या सुमाराला तिकडची मूळ कंपनी बंद पडली तरी मद्रासची बुलेट काही थांबली नाही. आपल्या दोघांच्याही गाड्या अशा, माहेर परदेशात आणि सासरी रुजलेल्या. हे मला मामाशी वाद घालायच्या आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मामाला मी आज सकाळी फोन केला. फार बोललो नाही, पण केला.

आता तुझ्याकडं एक मागणं. जुलैचा दुसरा रविवार आमचा जावा दिवस असतो, जगभर असतो. सकाळी सातला आम्ही दसरा चौकात जमतो आणि पन्हाळ्याला जाऊन येतो. यंदा तू तुझ्या बुलेटवर ये. मी मंडळींना विचारलंय. एक-दोघं कुरकुरले. त्यांना मी घाटातली गोष्ट यावेळी पुरी सांगितली, मग गप्प बसले. पार्किंगला तू माझ्या शेजारी लाव.

येताना शनिवारी निघ, उजेडात पोच. खंबाटकी उतरताना इंजिनवर गाडी आवर, नुसत्या ब्रेकवर सोडू नको. चेनचा ताण निघायच्या आधी बघ, नवीन चेन सुरुवातीला सैल होते. हेल्मेटच्या काचेला आतनं वाफ धरते, कोरडं फडकं खिशात ठेव. पंचगंगेचं पाणी वाढलेलं असेल तर अजिबात निघू नको, 2019 ला हायवे कसा बंद पडला होता ते तू बघितलंयस. तसं झालं तर त्याच्या पुढच्या आठवड्यात ये.

आणि तुझी टूलकिट रिकामी ठेव थोडी. त्यात ठेवायला पॉलिश पेपरचा एक तुकडा आहे माझ्याकडं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तुझ्या गाडीला तो कधी लागायचा नाही, मला माहीत आहे. तरी ठेव.

किणीच्या टोलनाक्याला पोचलीस की फोन कर. मी शिरोलीच्या पुलाच्या अलीकडं येझदी घेऊन थांबतो. तिथनं घरापर्यंत तू पुढं चल, मी मागनं येतो.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते पेढे विकतचे आणू नको, ती घरी करणार आहे. रंग कुठला घेतलास ते मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.