बुफेच्या दारात बेसिन हवे

महोदय,

क्रूझ जहाजांवर बुफेच्या दारात सॅनिटायझर ठेवला की स्वच्छतेची जबाबदारी संपली, असे मानले जाते. ते चूक आहे. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. साबण लावून निदान २० सेकंद हात चोळावे लागतात आणि वाहत्या पाण्याखाली धुवावे लागतात. म्हणून दारातच बेसिनांची रांग हवी, नळ सेन्सरवर चालणारे. वाढायचे चिमटे शेकडो हातांतून फिरतात. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला १२ ते ४८ तास लागतात, तेव्हा सफरीचे पहिले दोन दिवस तरी कर्मचाऱ्यांनीच वाढावे.

आणखी एक. बोट लागणाऱ्यांना बुकिंगच्या वेळीच जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन सुचवावी. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात.

— एक प्रवासी