चोर उशीत होता

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू एका दमात अकरा शिंका दिल्यास आणि मला हसू आवरेना. रागावू नकोस. शिंकांना नाही हसलो. पुढे तू म्हणालास ना, "कोपऱ्यावरच्या सातविणीचा वास बाधतोय," त्याला हसलो. दोन वर्षं मीही तेच म्हणत होतो. झाड तोडा म्हणून अर्जसुद्धा लिहून ठेवला होता!

मग एका वहीत शिंका टिपायला लागलो. कधी, कुठे, काय करत असताना. (ही म्हणाली, दुधाचा हिशेब कधी ठेवला नाहीत.) पंधरवड्यात कळलं, सातविणीचा घमघमाट रात्री, आणि माझ्या शिंका पहाटे, अंथरुणातच. डॉक्टरांनी हातावर टोचून तपासलं, तर सगळ्यात मोठी गांधी उठली धुळीतल्या माइटची. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा हा जीव आपल्या कातडीचा कोंडा खातो, पावसाळी ओलीत फोफावतो, आणि त्याच्या विष्ठेने आपण बेजार होतो. माझी उशी होती आजीच्या वेळच्या कापसाची! आता नवी उशी, घट्ट विणीची खोळ, चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या कढत पाण्यात. फरशीवर कोरडा झाडू बंद, ओलं फडकं.

तूही तपासून घे. फक्त ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचार. मी आदल्या रात्री सेटिरिझिन घेऊन गेलो आणि हेलपाटा फुकट गेला.

माझी दुसरी गांधी गाजरगवताची. तू फिरायला जातोस त्या कालव्याकाठी ते कंबरेएवढं माजलेलं मी पाहिलंय. आपल्याकडे ते आयात गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि १९५६ च्या सुमारास त्याची नोंद झाली ती पुण्यातच. म्हणजे पाहुणा आमच्याच गावचा! फुलोऱ्यात असताना तो रस्ता सोड. उपटायची हौस असेल तर फुलं येण्याआधी, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. नाहीतर कातडीवरही चट्टे उठतात.

दिवाळीचा माळा यंदा तू काढू नकोस, पोरांना चढव. भिंतीला ओल असेल तर रंग देण्याआधी गळती बघ, नाहीतर बुरशी पुन्हा वर येते. आणि छातीत शिट्टी वाजायला लागली तर वहीबिही राहू दे, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

भाऊबिजेनंतर ये. वहिनींच्या हातचा चिवडा आण. तुझी ती लाडकी उशी मात्र आणू नकोस, इथे नवी घेऊन ठेवली आहे.

तुझाच,
अव्या