रोबोट आला, पण डॉक्टर कुठे शिकले तेही सांगा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा हायवेला हॉस्पिटलांचे बोर्ड लागतात, चाकरमान्यांच्या नजरेत भरावेत म्हणून, आणि हल्ली त्यावर दुर्बीण, रोबोट, लेटेस्ट टेक्निक असं सगळं मोठ्या अक्षरात असतं पण ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी अशी किती केलीत ते कुठेच नसतं. मी ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर होते, आता रिटायर होऊन कुडाळला असते. गुदाशयाच्या म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कारण ती जागाच अवघड. कमरेच्या हाडांच्या आत, पुरुषांमध्ये तर फारच अरुंद, पुढे मूत्राशय आणि दोन्ही बाजूंना लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा. आतड्याभोवती चरबीचं एक वेष्टन असतं, कॅन्सर पसरतो तो आधी त्यातल्या लिम्फच्या गाठींमध्ये, म्हणून ते न फाटता अख्खं निघायला हवं, हे इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड नावाच्या सर्जननी 1982 साली मांडलं आणि आजही सगळं त्यावरच चालतं. काढलेला भाग ट्रेमध्ये आला की आम्ही सिस्टरसुद्धा बघायचो, मागची बाजू गुळगुळीत चकचकीत असली तर काम नीट झालंय, चिरफळ्या दिसल्या की सरांचा चेहरा उतरायचा.

आता हेच काम दुर्बिणीतून म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून कॅमेऱ्याने, रोबोटने किंवा खालून गुदद्वारातून करतात. खालून करायची पद्धत बार्सिलोनाच्या लेसी आणि अमेरिकेच्या सिल्ला यांच्या टीमने 2010 मध्ये पहिल्यांदा छापली आणि मग ती भराभर पसरली. नेदरलँड्समधल्या एका सेंटरने आपलेच आकडे मांडले, पहिल्या 40 पेशंटमध्ये आतड्याचा जोड (कॅन्सरचा भाग काढून उरलेली टोकं जोडतात तो) लीक व्हायचं प्रमाण 27.5 टक्के, नंतर ते 5 टक्क्यांवर आलं. म्हणजे हात बसला, पण तो बसेपर्यंत ज्यांचा जोड लीक झाला त्यांना किती सोसावं लागलं असेल. नॉर्वेत तर 157 पेशंटपैकी 12 जणांना त्याच जागी कॅन्सर परत आला, तोही लवकर आणि बऱ्याच जणांना एकाहून जास्त ठिकाणी, आणि तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत देशभर थांबवली. थांबवता आली कारण त्यांच्याकडे प्रत्येक केसची नोंद होती!

नवीन पद्धत नकोच असं माझं अजिबात म्हणणं नाही. पोटावर मोठा छेद नाही, दुखणं कमी, माणूस लवकर उठून चालायला लागतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. फक्त शिकायचीही एक रीत असते. इंग्लंडमध्ये 2008 पासून दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी सरकारने ट्रेनिंग चालवलं, त्यात सीनियर सर्जनसुद्धा परत शिकायला उभे राहिले, शेजारी ट्रेनर, आणि शेवटी न कापलेले व्हिडिओ दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासल्यावरच पास. आपल्याकडे दोन दिवसांचा वर्कशॉप, एक सर्टिफिकेट आणि लगेच बोर्ड, असं व्हायला नको.

सिंधुदुर्गातला पेशंट आजही गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात बांबोळीला जातो नाहीतर मुंबईला टाटाला. आता ओरोसला आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेज झालीयत, चांगलंच आहे, पण अशा केसेस इथे मोजक्याच येणार, मग हात बसणार कसा? त्यासाठी मोठ्या सेंटरच्या सर्जननी सुरुवातीच्या केसेसना इथे येऊन हात धुवून टेबलाशी उभं राहावं किंवा आपल्या डॉक्टरांना तिकडे काही महिने पाठवावं, आणि लीक किती, दुर्बीण सोडून पोट उघडून म्हणजे ओपन किती वेळा करावं लागलं, कॅन्सर किती जणांना परत आला हे दरवर्षी जाहीर करावं. मध्येच ओपन करणं यात कमीपणा काहीच नाही, रक्ताने स्क्रीन लाल झाली की वेळेवर कॅमेरा बाहेर काढणारे सरच मला जास्त भरवशाचे वाटायचे.

नातेवाईकांनीही विचारावं हो. डॉक्टर, ह्याच पद्धतीने तुम्ही किती केलीत, शिकताना सोबत कोण होतं? चांगला सर्जन ह्याचा राग मानत नाही. आणि संपादक साहेब, नवीन मशीनच्या उद्घाटनाची बातमी तुमच्याकडे येईल तेव्हा तुमच्या वार्ताहरानेही हेच दोन प्रश्न विचारून उत्तरं बातमीत छापावीत, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर, कुडाळ